तारेवर वटवाघूळ दिसलं तर आधी खांबाकडे बघा

मुंबईत, आरेच्या जंगलाच्या कडेला, आमच्या सोसायटीच्या मागून एक अरुंद गल्ली जाते. एका बाजूला कंपाउंडची भिंत आणि तिला लागून खोट्या अशोकाची रांग, दुसऱ्या बाजूला विजेचे चार खांब. पावसाळ्यात अशोकाची फळं पिकली की रात्रभर वटवाघळांची झुंबड उडते आणि सकाळी गाड्यांवर बियांचा सडा पडलेला असतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवर्षी एक विषय ठरलेला: ती झाडं एकदाची तोडून टाका. एका जुलैमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मधल्या तारेला एक वटवाघूळ उलटं लटकलेलं दिसलं. वॉचमनकाका म्हणाले, "झोपलंय हो ते, कालपासून तसंच आहे." दोन आठवड्यांनी त्याच्या शेजारी दुसरं लटकलं. पहिलं तोवर वाळून चामड्यासारखं झालं होतं, तरी तारेवरून खाली पडलेलं नव्हतं.

वटवाघळाच्या पायाच्या बोटांतले स्नायूबंध शरीराच्या वजनानेच घट्ट बसतात. लटकायला त्याला जोर लावावा लागत नाही, म्हणून मेल्यावरही पकड सुटत नाही. तारेवर वटवाघूळ दिसलं म्हणजे ते आत्ताच मेलं असं समजू नका आणि नक्की मेलंच आहे असंही समजू नका. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन खांबांमधल्या ज्या गाळ्यात एक मेलं, त्याच गाळ्यात पुढचं मरतं, कारण तारांची मांडणी तशीच राहिलेली असते. ही मांडणी कशी ओळखायची, जनावर जिवंत असेल तर पहिल्या तासात काय करायचं आणि वीज कंपनीकडे नेमकं काय मागायचं, ते आता क्रमाने सांगतो.

वीज लागते कशी

तारेवर चिमण्या, पारवे, वेडे राघू आरामात बसतात, त्यांना काही होत नाही. एकाच तारेला दोन्ही पाय, त्यामुळे विजेला त्यांच्या अंगातून जायला वाट नाही. एका फेजवर पाय आणि दुसऱ्या फेजला, न्यूट्रलला किंवा खांबाच्या लोखंडाला पंख लागला, की वाट तयार होते. म्हणजे सगळा प्रश्न अंतराचा आहे. दोन तारांमधलं अंतर जनावराच्या आवाक्यात आहे का, एवढंच बघायचं.

आपल्याकडचं मोठं फलाहारी वटवाघूळ पंख पसरलं की टोकापासून टोकापर्यंत सव्वा मीटर सहज भरतं, वजन दीड किलोपर्यंत जातं. गल्लीबोळातल्या एलटी लाइनच्या, म्हणजे घरांना 230 व्होल्टने वीज देणाऱ्या लाइनच्या तारा एकमेकींपासून हात-दीड हातावर असतात, आणि जुन्या खांबांवर त्या एकाखाली एक ओढलेल्या असतात. पक्षी तारेवर बसतो, वटवाघूळ तारेखाली लटकतं. वरची तार पायात धरून ते उलटं झालं की डोकं आणि पंख थेट खालच्या तारेपाशी येतात. लटकताना वाचलं तर उडताना पंख उघडतं, तेव्हा सापडतं.

यातून एक उलटसुलट वाटणारी गोष्ट निघते. मोठ्या टॉवरवरच्या 110 किंवा 220 केव्हीच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) तारांची आपल्याला धडकी भरते, पण वटवाघळाला शॉक लागण्याच्या दृष्टीने त्या बऱ्या. दोन तारांमध्ये काही मीटरचं अंतर असतं, पंख पोचतच नाही. गल्लीतली साधी, जुनी, ओघळलेली लाइन जास्त घातक. लोक टॉवरचा फोटो काढून तक्रार करतात आणि खरा मारेकरी खांब त्याच फोटोच्या कोपऱ्यात उभा असतो.

11 केव्हीच्या लाइनवर प्रकार थोडा वेगळा. तिथे तारांच्या मधल्या जागेपेक्षा खांबाचा माथा धोक्याचा. लोखंडी आडवी पट्टी अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली असते आणि तार तिच्यावर फक्त इन्सुलेटरच्या उंचीएवढी वर असते. घार किंवा घुबड त्या पट्टीवर बसलं आणि पंख तारेला टेकला की खेळ संपला. त्याहून वाईट जागा डीपीची. ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, उघडे जंपर म्हणजे जोडतारा, सगळं दाटीवाटीने. खारी, उदमांजरं, माकडं आणि साप इथेच सापडतात.

एक शंका नेहमी येते: वटवाघळं तर अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात, मग तार कशी कळत नाही? तसं करणारी वटवाघळं म्हणजे दिव्यांभोवती किडे पकडणारी छोटी. मोठं फलाहारी वटवाघूळ डोळ्यांवर आणि नाकावर चालतं. सूर्य मावळल्यावर अर्ध्या-एक तासात ते झाडावर येतं तेव्हा उजेड कमी असतो, तार बारीक असते आणि नाक पिकलेल्या फळाकडे असतं.

मुंबईत उघड्या तारा राहिल्यात कुठे

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टची वीज बहुतेक जमिनीखालून येते, त्यामुळे दक्षिण मुंबईकरांना हा प्रश्न परका वाटेल. उपनगरांतही केबल जमिनीखाली आहेत, पण सगळीकडे नाहीत. आरेतले पाडे, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्या, मढ-मार्वे-गोराईचा पट्टा, मुलुंड-भांडुपचा डोंगरउतार, अशा ठिकाणी डोकं वर करून बघा. जिथे झाडी तिथेच उघड्या तारा, आणि जिथे झाडी तिथेच वटवाघळं.

जिवंत असेल तर

दुर्बीण असेल तर ती लावा, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून दोन-तीन मिनिटं एकाच जागी बघत राहा. कान हलतात का, छाती हलते का, पंखाचा अंगठा तार चाचपतो का. एक चूक टाळा: वाऱ्याने हलणारा पंख बघून जिवंत आहे असं ठरवू नका. कान बघा.

त्यानंतर एकच काम, फोन. बांबू घेऊन ढोसायला जाऊ नका. बांबू कोरडा वाटतो, पण मुंबईच्या हवेत तो कधीच कोरडा नसतो, आणि पावसाळ्यात तर त्याच्यातून वीज खुशाल उतरते. ॲल्युमिनियमची शिडी, छत्रीची दांडी, गॅलरीतून टाकलेली दोरी, काहीच नको. लाइट गेलेली असली तरी नको; फीडर, म्हणजे भागाला वीज पुरवणारी लाइन, ट्रिप झाला की काही मिनिटांत परत चालू करून बघतात.

फोन या क्रमाने करा. आधी वीज कंपनीचा तक्रार क्रमांक, तो तुमच्या बिलावर छापलेला असतो. बेस्ट, अदानी, टाटा की महावितरण, हे त्या भागाचं बिल बघूनच ठरवा, कारण उपनगरांत एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे ग्राहक असू शकतात. त्यांना सांगायचं, "लाइनवर जिवंत प्राणी अडकलाय, शटडाऊन घेऊन उतरवायचा आहे." 'पक्षी मेलाय' म्हणालात तर तक्रार रांगेच्या तळाशी जाते. मग वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन, तिथून तुमच्या भागातल्या बचाव पथकाला कळवतात. उंचीवरून उतरवायचं असेल तर अग्निशमन दलाचा 101 आहे. मुंबईत जवान पतंगाच्या मांजात अडकलेले पक्षी उतरवत असतात, त्यांना ही कामं नवी नाहीत. पण लाइन बंद झाल्याचं वायरमनने स्वतः सांगितल्याशिवाय कोणीही वर चढायचं नाही, हे तिथे जमलेल्या उत्साही मंडळींना ओरडून सांगायची जबाबदारी तुमची.

मदत येईपर्यंत खाली गर्दी होऊ देऊ नका. कावळे टोचायला येतात, त्यांना लांब उभं राहून हाकला. उन्हाची वेळ असेल तर फोनवर तेही सांगा; कातडी पंखाचं जनावर दुपारच्या उन्हात तासाभरात सुकतं.

खाली पडलेलं सापडलं तर

उघड्या हाताने धरायचं नाही. कितीही केविलवाणं दिसलं तरी नाही. वटवाघूळ चावतं ते भीतीने, आणि रेबीजचा धोका त्या चाव्यात गृहीतच धरावा लागतो. निपाहचंही भान ठेवा. 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासली, त्यांच्यात या विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या. याचा अर्थ वटवाघळांना हाकलून द्या असा होत नाही. जाड हातमोजे घाला, तोंडाला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा. चावलं किंवा नखं लागली तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. उद्यावर टाकू नका.

जाड टॉवेल वरून टाका, पंख अंगाशी मिटवून गुंडाळा, डोकं टॉवेलमध्येच राहू द्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एका बाजूने जुना सुती कपडा वरून खाली सोडा, म्हणजे त्याला धरून उलटं लटकता येईल. खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत. एसी नको, पंखा नको. पाणी तोंडात ओतू नका, ते सरळ फुप्फुसात जातं.

सगळ्यात जास्त चुका यापुढे होतात. वटवाघूळ संध्याकाळी खोक्यात धडपडायला लागलं की लोकांना वाटतं बरं झालं, आणि गच्चीवरून सोडून देतात. शॉकची जखम पहिल्या दिवशी दिसत नाही. पंखाच्या कातडीचा रक्तपुरवठा आतून जळालेला असतो आणि चार-पाच दिवसांनी तो भाग काळा पडून गळायला लागतो. म्हणून तारेवरून पडलेलं वटवाघूळ वरवर ठणठणीत दिसलं तरी वन्यजीवांच्या डॉक्टरकडे गेलंच पाहिजे. घरी ठेवून घेण्याचा मोह कायद्यातही बसत नाही. वन्यप्राणी ताब्यात आला तर 48 तासांत कळवावं लागतं.

प्रत्येक पडलेलं वटवाघूळ जखमी असतं असंही नाही. मोठ्या वटवाघळाला जमिनीवरून सरळ उडता येत नाही. त्याला उंचीवरून खाली झेप घ्यावी लागते. आजूबाजूला डोक्यावर तार नसेल आणि अंगावर जखम नसेल तर टॉवेलमध्ये धरून झाडाच्या खोडाला लावा. खोडावर सरसर चढलं तर तुमचं काम झालं.

पिल्लू बघितल्याशिवाय जाऊ नका

हा भाग वेगळा काढला, कारण वायरमन आणि सफाई कर्मचारी दोघांच्याही हातून हीच गोष्ट निसटते. मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात, आणि पहिले काही आठवडे ती त्याला छातीशी घेऊनच उडते. आईला शॉक लागला की पिल्लाला लागेलच असं नाही. ते तिच्या पंखाखाली, स्तनाला तोंड लावून, दोन-दोन दिवस जिवंत असू शकतं. त्या महिन्यांत मेलेली मादी उतरवली की पंख बाजूला करून बघायचंच, हातमोजे घालून. पिल्लू असेल तर ओढून काढू नका, तोंड सोडवताना त्याचं टाळू फाटतं. आईसकट टॉवेलमध्ये गुंडाळा आणि तसंच पथकाच्या हवाली करा. उबेसाठी कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गाईचं दूध पाजू नका.

वर्षाला एकच पिल्लू, यावरून त्या गल्लीतल्या एका खांबाचा हिशेब कळेल. उंदरांसारखी भराभर पैदास होत नाही. तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीत, उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, बदल 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला. मीटिंगमध्ये कोणी "त्यांना मारायला परवानगी असते" म्हणालं तर हे सांगा.

खांब वाचायला शिका

सकाळी दहा मिनिटं काढा. खांबावर रंगाने किंवा पत्र्याच्या पाटीवर नंबर असतो, तो टिपा. नंबर नसेल तर मोबाइलवरून जागा टिपा आणि जवळची खूण लिहा: दुकान, देऊळ, बसथांबा. मग या गोष्टी बघा:

– तारा एकाखाली एक आहेत की आडव्या रांगेत? उघड्या आहेत की काळ्या वेष्टनाच्या?
– दोन खांबांच्या मधे तारा ओघळून एकमेकींजवळ आल्यात का?
– जवळचं फळझाड कोणतं? वड, उंबर, पिंपळ, जांभूळ, देशी बदाम, खोटा अशोक, चिकू. फांदीचं टोक तारेपासून किती हात?
– डीपीवरचे जंपर उघडे आहेत का?

फोटो दोन काढा. एक जनावराचा, दुसरा अख्ख्या खांबाचा, माथ्यापासून पायापर्यंत. पहिला बघून लोक हळहळतात. काम दुसऱ्यावरून होतं. आमच्या गल्लीत आधी वर्षभर मी फक्त पहिलेच फोटो पाठवत होतो, आणि उत्तर यायचं: मृत पक्षी हटवला, तक्रार बंद. बरोबरच होतं त्यांचं. मी दुसरं काही मागितलंच नव्हतं.

काय मागायचं

'वटवाघळं वाचवा' असं मागू नका. वस्तू मागा. एलटी लाइनसाठी उत्तम उपाय एबी केबल: वेष्टन असलेल्या तारा एकत्र पिळलेल्या, उघडा भागच नाही. ती आकडे टाकून होणारी वीजचोरीही रोखते, त्यामुळे कंपनीला तिचं वावडं नसतं. ती लगेच शक्य नसेल तर तारांच्या मधे फायबरचे स्पेसर, म्हणजे ओघळलेल्या तारा जवळ येत नाहीत. हा उपाय अर्धा आहे, मोठं वटवाघूळ त्यातूनही दोन तारा गाठतं. 11 केव्हीच्या खांबावर इन्सुलेटरच्या दोन्ही बाजूंना तारेवर वेष्टन आणि डीपीवर जंपरना इन्सुलेशन मागा.

झाडाचं काय? फांद्या छाटायला सांगा, झाड तोडायला नको. मुंबईत झाडाला हात लावायचा तर 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याकडे अर्ज द्या. पावसाळ्याआधीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते, अर्ज त्याआधी पोचला पाहिजे. फांदी तोडण्याआधी घरटं बघायला लावा.

अर्ज असा लिहा, याहून लांब नको:

"खांब क्र. अमुक ते तमुक या गाळ्यात जुलै ते सप्टेंबर या काळात तीन वटवाघळं शॉक लागून मेली (तारखा व फोटो सोबत). तारा उघड्या व एकाखाली एक आहेत, शेजारी फळझाडं असल्याने हे दरवर्षी होतं. यातल्या दोन वेळा परिसराची वीज गेली. कृपया जागेची पाहणी करून या गाळ्यात एबी केबल टाकावी. तोपर्यंत स्पेसर बसवावेत."

वीज गेल्याचं वाक्य खरं असेल तर जरूर घाला. जनावर मेलं यापेक्षा फीडर ट्रिप झाला हे इंजिनिअरला जवळचं वाटतं. अर्जाची एक प्रत वनविभागाला द्या आणि दोन्हीकडे पोच घ्या.

खाडीवरचे टॉवर

इथे शॉक लागत नाही, टक्कर होते. मुंबईला डोंगरातली वीज येऊ लागली ती 1915 मध्ये, खोपोलीहून. तेव्हापासून खाडी ओलांडणारे टॉवर वाढतच गेले. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगो भरती-ओहोटीच्या घड्याळावर जागा बदलतात, त्यामुळे रात्री आणि धुक्याच्या पहाटेही थवे उडतात. त्यांना जाड वीजतारा बऱ्याचदा दिसतात. त्या चुकवायला ते वर उसळतात आणि टॉवरच्या माथ्यावरून जाणाऱ्या बारीक अर्थ वायरवर आदळतात.

उपाय म्हणजे त्या वरच्या तारेवर ठरावीक अंतराने लटकवलेले फिरते-चमकते डायव्हर्टर. राजस्थानात माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला आणि डायव्हर्टर लावायला सांगितलं. जमिनीखालचा सरसकट आदेश 2024 मध्ये सैल केला, डायव्हर्टरचा मुद्दा उरलाच. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची 2016 ची मार्गदर्शिकाही आहे, अर्जात तिचा उल्लेख करा. भांडुप पंपिंगला किंवा ऐरोलीला पक्षी बघायला जात असाल तर डिसेंबर ते मे टॉवरखालून चालताना एक नजर जमिनीवर ठेवा. मोडलेल्या मानेचा पक्षी, तारीख, टॉवरचा नंबर. चिखलात उतरू नका.

रेल्वे

3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी-कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्टवर. आता लोकलच्या डोक्यावर 25,000 व्होल्ट आहेत, आणि त्यांचा झटका बसायला स्पर्शही लागत नाही. फार जवळ गेलात तरी ठिणगी उडी मारते, म्हणून दोन मीटरच्या आत जायचंच नाही. इथे तुमचं काम फक्त स्टेशन मास्तरला किंवा 139 ला सांगणं. कावळे हँगर आणि तारांचे तुकडे आणून त्या खांबांवर घरटी करतात, शॉर्ट सर्किट होतं, रेल्वे ती काढते. आपल्या गॅलरीत पडलेले तारांचे तुकडे उचलून ठेवले तर कावळ्याला तेवढी सामग्री कमी.

काम झाल्यावर

तक्रार क्रमांक जपून ठेवा. पंधरा दिवसांत कोणी फिरकलं नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन वरच्या अधिकाऱ्याला लिहा. नवी तक्रार केलीत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पाहणीला वायरमन आला की त्याला चहा पाजा आणि विचारा, "या लाइनवर अजून कुठे कुठे सापडतात?" आमच्याकडे आलेल्या दादांनी खिशातली वही न काढता पाच खांब तोंडपाठ सांगितले. त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं.

आमच्या गल्लीत तिसऱ्या अर्जानंतर केबल पडली, फक्त दोन गाळ्यांत. चौथ्या खांबापाशी अजून उघड्या तारा आहेत. अशोक परत पिकेल तेव्हा सूर्य मावळल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं, वटवाघळं कोणत्या बाजूने येतात ते बघायचं आणि सकाळी वॉचमनकाकांना विचारायचं. ते आता झोपलंय म्हणत नाहीत, खांबाचा नंबर सांगतात.